सात मिलिमीटर

तेमुकोत ऑगस्टमध्ये चुलींचा धूर वर जातच नाही,
गल्लीत बसून राहतो.
त्या धुरातून एर्मेलिंदा कुरिकेओ आल्या,
वय एकसष्ट, डोळ्यांच्या पांढऱ्यात हळदीचा पुसट हात,
छातीवर आजीपासून चालत आलेली चांदी,
आणि मागे मुलगा, नेल्सन, ट्रकच्या किल्ल्या वाजवत.

सोनोग्राफीचा कागद म्हणत होता:
पित्ताशयात खडे पुष्कळ.
नलिका सात मिलिमीटर.
नलिकेत खडा दिसला नाही,
पण शेवटचा भाग आतड्यातल्या वायूमागे झाकलेला.

म्हणजे तळ्यात की मळ्यात?

बिलिरुबिन अडीच.
पाच असते, वर थंडी-ताप असता,
तर मी कुणाला विचारत बसले नसते.
एक असते, नलिका बारीक असती,
तर सरळ सर्जनकडे धाडले असते.
अडीच हा आकडा माणसाला खुर्चीतून उठू देत नाही.

नेल्सन म्हणाला, दुर्बीण घाला ना.
दिसला की लगेच काढता येईल,
एका दगडात दोन पक्षी.
आणि त्याचे चुकत नव्हते:
दुर्बिणीची जागा उद्या सकाळी सातला रिकामी होती,
एमआरआयची रांग नऊ दिवसांची.

त्याला मी अनिबालबद्दल सांगितले नाही.
अनिबाल, चौतीस वर्षांचा, पाव भाजणारा.
असाच संशय, अशीच रिकामी सकाळ.
मी नलिकेचे तोंड कापले, आत फुगा फिरवला,
आला फक्त पित्ताचा ओघळ, स्वच्छ, शेवाळी.
खडा नव्हताच. कदाचित आधीच निघून गेला होता.
रात्री स्वादुपिंड पेटले.
अडतीस दिवस.
त्याची बायको रोज वॉर्डात पाव आणून वाटायची,
मलाही द्यायची,
आणि मी तो खायचे.
शंभरात पाचांना होते, असे मी त्याला सही घेताना सांगितले होते.
उरलेले पंच्याण्णव त्याला कुठे भेटले असते?

तेव्हापासून नुसता खडा टाकून पाहायला
माझा हात धजत नाही.

आधी चित्र काढू, मी म्हणाले.
ताप आला, हुडहुडी भरली, लघवी गडद झाली
तर रात्रीचे किती वाजलेत ते बघू नका, या.
एर्मेलिंदाबाईंनी मान हलवली.
नेल्सनने किल्ल्या खिशात टाकल्या,
त्या आवाजात काय होते ते मला कळले.

नऊ रात्री फोन उशाशी.
सहाव्या रात्री वाजला: चुकीचा नंबर.

दहाव्या सकाळी मशीनच्या दाराशी
त्यांनी चांदी उतरवली,
साखळ्या, पट्ट्या, दोन पक्षी समोरासमोर,
आणि नर्सला न देता माझ्या ओंजळीत ठेवली.
इतकी जड असेल असे वाटले नव्हते.
म्हणाल्या, आमच्याकडे डोंगरावरचा पिन्योन
फोडण्याआधी तळहातावर तोलतात.
पोकळ असला की कळतो.
नेहमी कळतो? मी विचारले.
नेहमी नाही, त्या हसल्या, आणि आत गेल्या.

श्वास घ्या. धरा. सोडा.
काचेपलीकडून मीही धरत होते.

पडद्यावर नलिका पांढरी, ओढ्यासारखी,
आणि तळाशी, जिथे वायू आडवा आला होता,
दोन काळे ठिपके.
मोठा पाच मिलिमीटर.

म्हणजे नेल्सनचेच खरे होते.
नऊ दिवसांपूर्वीच काम झाले असते.
तो तसे म्हणाला नाही,
खिडकीतून ट्रककडे बघत राहिला.
मी त्याला म्हणाले,
आता मला माहीत आहे मी कशासाठी आत जाते आहे.
हे त्याला पुरेसे वाटले का, कोण जाणे.
मलाही पूर्ण वाटले नाही.

आज सकाळी सात.
चांदी पुन्हा माझ्या हातात, मग कपाटात.
त्या कुशीवर वळतात, दात नळीवर.
पडद्यावर ते छोटेसे लाल तोंड
जन्मलेल्या बाळाच्या ओठांइतके मिटलेले.
खडे आहेत, ठिपक्यासारखे खरे आहेत.
शंभरातले पाच मात्र अजून पाचच आहेत,
चित्राने त्यातला एकही कमी केला नाही.

पेडलवर पाय ठेवते.
अजून दाबलेले नाही.